रुमालाखालचा खेळ

"रुमाल जरा बाजूला घेता का? काहीच दिसत नाहीये."

शाल्मली मॅडम हे इतक्या गोड आवाजात म्हणाल्या की दिगूदादाला वाटलं, त्या चेष्टाच करतायत. तो हसला. तो हसला म्हणून आप्पाही हसले. मी त्या दोघांच्या मागे काचेच्या भिंतीला पाठ लावून उभी होते. हसावं की नाही ते कळेना, म्हणून मी खोकले.

"मॅडम, रुमाल काढला तरी काही दिसणार नाही," दादा म्हणाला. "स्क्रीन काळाच असतो."

"बंद पडलाय का?"

"नाही, नाही. चालू आहे. गेमच तसा आहे."

मॅडमनी शेजारच्या केदार सरांकडे पाहिलं. सरांनी लॅपटॉपमधून मान वर काढली, टेबलावर पसरलेला आप्पांचा पांढरा रुमाल बघितला, त्याखालचा फोनचा उंचवटा बघितला, आणि कासवासारखी मान परत आत घेतली.

"म्हणजे ती पाच काळी चित्रं..." मॅडम म्हणाल्या.

"खरीच आहेत ती. तुम्ही लिहिलं होतं, गेममध्ये जे दिसतं त्याची पाच चित्रं पाठवा. गेममध्ये तेवढंच दिसतं."

"अरे देवा! आम्हाला वाटलं भुताचा गेम आहे!" आणि त्या इतक्या मोकळ्या हसल्या की मला त्या आवडल्याच. खरं सांगते, मला त्या शेवटपर्यंत आवडल्या. त्याचाच जास्त राग येतो.

मी तेव्हा आठवीत होते आणि भयंकर लाजाळू होते. हे आता आमच्या अकरावीच्या वर्गात सांगितलं तर पोरी बाकं वाजवून हसतात. कारण गॅदरिंगचं सूत्रसंचालन मी करते, कॅन्टीनवाल्याशी भांडायला मला पुढे करतात, आणि मुलींना मैदान मिळणार नाही म्हटल्यावर प्राचार्यांच्या केबिनमध्ये पहिली मीच घुसले होते. पण आठवीत अनोळखी माणसाने नाव विचारलं की ‘हर्षा’ एवढंच बाहेर यायचं, ‘ली’ घशातच राहायचा. दादाने मला पुण्याला नेलं ते बोलायला नव्हे. तो गेम सगळ्यात जास्त मी खेळले होते, म्हणून नेलं.

‘भोवरा’ हे फोनवरच्या गेमचं ऑनलाइन दुकान. मोठ्या दुकानांत रोज ढिगाने गेम येऊन पडतात आणि बहुतेकांना कुत्रंसुद्धा विचारत नाही. भोवराचं म्हणणं असं की आम्ही मोजकेच गेम ठेवतो, पण निवडून ठेवतो, आणि एकट्यादुकट्याने घरी बसून केलेल्या गेमना आधी जागा देतो. हे वाचलं त्या दिवशी दादा दोनदा जेवला.

गेमचं नाव ‘रुमाल’. तो कसा सुचला ते सांगायचं तर आमच्या सांगोल्याच्या बाजारात यावं लागेल. तिथे रविवारी जनावरांचा बाजार भरतो आणि आप्पा, म्हणजे आमचे वडील, तिथले दलाल. म्हणजे एकीकडे बैल विकणारा, दुसरीकडे घेणारा, मध्ये आप्पा. भाव तोंडाने बोलायचा नसतो, कारण भोवती माणसं कान टवकारून उभी असतात. मग आप्पा खांद्यावरचा रुमाल हातावर टाकतात, त्याखाली समोरच्याचा हात धरतात, आणि बोटं बोलायला लागतात. वर तोंडाने चाललेलं असतं, थोरलीचं लग्न ठरलं का, बोअरला पाणी लागलं का. खाली बैलाचा भाव चाललेला असतो.

कुठलं बोट धरलं म्हणजे किती, आणि अख्खा पंजा धरला म्हणजे काय, ते मी सांगणार नाही. विचारूही नका. पण नुसते आकडे नसतात एवढं सांगते. ‘जरा थांब’ची खूण असते. ‘चेष्टा लावलीस काय’ची असते. आणि एक खूण तोट्यात सोडताना द्यायची असते. म्हणजे विकणारा सांगतो, बाबा रे, पदरचं घालून देतोय, पण देतोय. ती फार कमी वेळा द्यायची. लहानपणी आप्पांनी ती मला शिकवली तेव्हा म्हणाले होते, "ही देताना समोरच्याच्या तोंडाकडं बघायचं न्हाय. कुठंबी बघावं, पण तोंडाकडं न्हाय."

दादाला वाटायचं, हाच एक अख्खा खेळ आहे. गेममध्ये फोनच व्यापारी होतो. फोनवर रुमाल टाकायचा, खाली हात घालायचा. फोन थरथरून आकडा सांगतो, आपण तितकी बोटं टेकवून उत्तर द्यायचं. खुणा दादाने स्वतःच्या नव्या बनवल्या होत्या. बाजारातल्या खऱ्या खुणा आप्पांनी त्याला वापरू दिल्या नाहीत. दिली ती बोटांची चाल. घाई असलेल्या माणसाचं बोट कसं आधीच दाबतं, खोटं बोलणाऱ्याचं कसं जरा जास्तच ठाम असतं, आणि द्यायला तयार झालेला माणूस त्याआधी कसा एक क्षण अगदीच काही करत नाही. आप्पा ओसरीवर बसून फोन दाबायचे आणि दादा ते सगळं मोजून गेममध्ये घालायचा. म्हणजे गेममधला व्यापारी आप्पाच होते.

अट एकच होती. "रुमाल उघडायचा न्हाय," आप्पा म्हणाले होते. "खेळ असू दे न्हायतर तुझं आनिक काय असू दे. रुमालाखालचं रुमालाखालीच."

"काळा स्क्रीन ठेवतो," दादा म्हणाला.

"मग ठीक."

दुसरी अट दादासाठी होती. कॉलेज अर्ध्यात सोडून तो दोन वर्षं त्या लॅपटॉपपुढे बसला होता. आप्पा म्हणाले, त्या दुकानानं तुझा खेळ घेतला तर कर आयुष्यभर हेच, मी एक शब्द बोलणार न्हाय. न्हाय घेतला तर दिवाळीनंतर मंगळवेढ्याला, मामांच्या पेंडीच्या दुकानात. हा सौदाही त्या दोघांनी रुमालाखालीच केला. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "घरात तरी तोंडानं बोला की रे!"

तर आम्ही भोवराच्या ऑफिसात. बाणेरला, एका उंच इमारतीत. आमच्या आधी एक मुलगा आत जाऊन आला होता. बाहेर सोफ्यावर तो शेजारीच बसला होता, तेव्हा त्याने आम्हाला त्याच्या गेमचं चित्र दाखवलं होतं. पेटलेला ड्रॅगन, त्याच्या पाठीवर नऊवारीतली बाई, हातात तलवार.

"खतरनाक आहे," दादा मनापासून म्हणाला. "खेळायचं कसं असतं?"

"गेम अजून अर्धाच झालाय," तो म्हणाला. "चित्र मात्र फायनल."

आप्पा मला हळूच म्हणाले, "बैल दाव्याला न्हाय आन् घुंगुरमाळ विकाय आलाय." मला इतकं हसू आलं की मी तोंडावर ओढणी धरली.

आत मात्र आम्हीच बैल दाखवत होतो आणि त्यांना घुंगुरमाळ दिसत नव्हती.

"खेळून बघा ना मॅडम," दादा म्हणाला. "रुमालाखाली हात घाला. बस, एवढंच."

मॅडमनी घड्याळ वर सरकवलं आणि हात आत घातला. थोडा वेळ काही नाही. मग एकदम, "अय्या! ह्याने माझं बोट धरलं!"

"फोन थरथरला, मॅडम. तो भाव सांगतोय."

"कळतंय रे, कळतंय. थांब." त्यांचे डोळे समोर भिंतीवर होते पण भिंत त्यांना दिसत नव्हती. बाजारात माणसांचे डोळे अगदी तसेच होतात. "एवढा? नाही हं. एवढा नाही देणार मी. बघ, बघ, खाली आला! घाबरलाय हा. केदार, हा घाबरलाय!"

"तो घाबरलेला नाही," मी म्हणाले.

सगळे माझ्याकडे वळले. अनोळखी माणसाशी मी बोललेलं ते आयुष्यातलं पहिलं पूर्ण वाक्य असावं.

"म्हणजे?"

"तो मुद्दाम थरथरतोय. तुम्ही घाईने वर जावं म्हणून. खरा घाबरला की गप्प होतो."

मॅडम एकदम हळू झाल्या. थांबल्या. आणि फोन गप्प झाला. पूर्ण गप्प. मग एक बारीक थरथर आली, आणि मॅडमनी रुमालाखालून हात बाहेर काढून टाळी वाजवली. "मिळाला! माझा बैल मिळाला!"

त्या पुन्हा खेळल्या. ह्या वेळी हरल्या, लंगडा बैल चढ्या भावाने घेतला, आप्पा मांडीवर थाप मारून हसले. "घ्या! आमच्या बाजारात आला असतात तर चहा मीच पाजला असता तुम्हांला." मॅडम म्हणाल्या, "काका, तुम्ही लबाड आहात," आणि आप्पा म्हणाले, "मी न्हाय ओ, फोन." मग तिसऱ्यांदा खेळल्या. दादाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. लहानपणापासून त्याच्या आनंदाची जागा तीच. मी मनात मंगळवेढ्याच्या मामांना टाटा करून टाकला.

"केदार, तू बघ ना खेळून."

"नंतर बघतो," केदार सर म्हणाले.

मॅडमनी हात पुसले, खुर्ची पुढे ओढली आणि त्यांचा चेहराच बदलला. वाईट नाही झाला. शाळेत बाई प्रगतिपुस्तक देताना आईकडे बघतात तसा झाला.

"दिगंबर, फार दिवसांनी मी गेम खेळताना घड्याळ विसरले. खरंच. पण हा मी कसा विकू?"

दादाला प्रश्न कळला नाही. "म्हणजे... दुकानात ठेवायचा."

"इकडे ये गं," त्या मला म्हणाल्या. त्यांनी स्वतःच्या फोनवर भोवराचं दुकान उघडलं. चित्रांखाली चित्रं, चित्रांखाली चित्रं. त्यांनी अंगठा वर सरकवला, सगळं भराभरा पळालं. "असं बघतात लोक. गेम कुणी निवडत नाही, चित्र निवडतात. नवा गेम आला की आम्ही त्याचं चित्र आणि छोटा व्हिडिओ थोड्या लोकांपुढे टाकतो. किती जणांनी दाबलं, दाबून आत किती जण थांबले, ते केदार मोजतो. ज्याचं चित्र दाबतात तो वर सरकतो. वर सरकला की आणखी लोकांना दिसतो, आणखी दाबतात. जो खाली गेला तो गेलाच, मग आत सोनं का असेना."

"मग खेळून कोण बघतं?" दादाने विचारलं.

"आम्ही बघतो ना. आत्ता बघितला की. पण आम्हाला आवडून काय होतं?"

"तुम्हीच निवडता ना?"

"आम्ही ठरवतो की लोकांपुढे काय टाकायचं. निवड अंगठा करतो."

केदार सर तेव्हा पहिल्यांदा पूर्ण वाक्य बोलले. "आणि हल्ली लोक आधी दुसऱ्याला खेळताना बघतात, मग स्वतः घेतात. तुमचा गेम खेळता येतो, पण बघता येत नाही."

त्यांच्या बोलण्यात काहीच चूक नव्हती. दादा रुमालाच्या काठाचा दोरा ओढत बसला. आप्पांनी त्याच्या हातातून तो काठ सोडवून घेतला, सरळ केला.

"एक करता येईल," केदार सर म्हणाले. आता त्यांची मान पूर्ण बाहेर होती. ते आप्पांकडे बघत होते. आप्पांकडे म्हणजे आप्पांच्या मिशीकडे, पागोट्याकडे, हातांकडे. "काका, त्या बाजारातल्या खऱ्या खुणा तुम्हाला येतात ना? गेममधल्या नाही, खऱ्या?"

"येत्यात की."

"त्या दाखवा. रुमाल काढून. कुठलं बोट म्हणजे काय, एकेक. आपण व्हिडिओ करू. ‘बैलबाजाराचं गुपित उघड.’ तोच व्हिडिओ गेमचं तोंड. लोक दाबणार म्हणजे दाबणार."

"ते नाही जमणार," दादा लगेच म्हणाला. इतक्या लगेच की त्याच्या आवाजाने मीच दचकले. "सर, ते दाखवायचं नसतं."

"का?"

"नसतं दाखवायचं."

"अरे, पण आतापर्यंत बऱ्याच जणांना माहीत असेल ना ते?"

"माहीत असेल. पण दलालाने दाखवायचं नसतं." दादा उठला, फोन खिशात घातला. "चला आप्पा. हर्षे, बाटली घे."

आप्पा उठले नाहीत.

"एवढं केलं की घेताल ह्याचा खेळ?" त्यांनी मॅडमना विचारलं.

त्या खोटं बोलल्या नाहीत, हेही सांगायला पाहिजे. "काका, अंगठ्याचं मी वचन नाही देऊ शकत. पण हा व्हिडिओ असला तर गेम लोकांपुढे नक्की टाकते. नसला तर टाकतासुद्धा येणार नाही."

"आप्पा, नको," दादा म्हणाला.

"बस खाली."

"आप्पा, पेंडीच्या दुकानात बसतो मी. मला काही नाही त्याचं."

"बस म्हणलं ना." मग माझ्याकडे वळून, "हर्षे, इकडं ये. हात दे."

मी टेबलाशी गेले. आप्पांनी रुमाल झटकला, आमच्या दोघांच्या हातांवर टाकला. मॅडमना वाटलं तयारी चालली आहे, त्या केदार सरांना म्हणाल्या, दिवा इकडे घे. रुमालाखाली आप्पांचा हात गरम होता आणि जरासा खरखरीत, नेहमीसारखा. त्यांनी माझ्या हातावर काहीतरी दाबलं. एकदाच. ते दाबताना ते खिडकीकडे बघत होते. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीच्या एसीच्या पेट्यांशिवाय काहीही नव्हतं.

मग त्यांनी रुमाल उचलला.

पुढचा वेळ फार वाईट गेला, आणि सगळे फार चांगले वागले. केदार सरांनी आप्पांना चहा दिला. दिवा उजवीकडून लावला, डावीकडून लावला. समोरच्याचा हात म्हणून माझा हात. आप्पा एकेक बोट धरायचे आणि सांगायचे, हे म्हंजे हे, हे म्हंजे हे. पाढे म्हणावेत तसे. "काका, जरा हळू." "काका, परत एकदा, फोकस गेला." "काका, आधी मिशीवरून हात फिरवा ना, मग सुरू करा. मस्त वाटेल." आप्पांनी मिशीवरून हात फिरवला. "आता म्हणा, हे आजपर्यंत असं उघड कुणाला दाखवलं नव्हतं." आप्पांनी ते म्हटलं. त्यात एका शब्दाचंही खोटं नव्हतं.

तोट्याची खूण तेवढी त्यांनी दाखवली नाही. "झाल्या सगळ्या?" केदार सरांनी विचारलं, आणि आप्पा म्हणाले, "झाल्या."

दादा खुर्चीत बसून जमिनीकडे बघत होता. जाताना मॅडमनी त्याला पाठीवर थोपटलं आणि मला एक चॉकलेट दिलं. ते मी स्वारगेटच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं, आणि एसटीत बसल्यावर उगाच टाकलं असंही वाटलं. भूक लागली होती.

गाडीत आप्पा म्हणाले, "बाई चांगली हाय."

दादाने खिडकीची काच ओढून घेतली. टेंभुर्णीला चहालाही तो उतरला नाही.

व्हिडिओ आला आणि आमच्याकडे नुसती धूम. माझ्या वर्गातल्या पोरांनी मधल्या सुट्टीत एकमेकांची बोटं धरून भाव केले. गणिताच्या सरांनी मला उभं करून विचारलं, "काय गं, तुझ्या वडिलांच्या हिशोबाने माझं हे बोट किती?" सगळा वर्ग हसला. मीही हसले, कारण तेव्हा मला दुसरं काही करता येत नव्हतं. आता करता येतं. आता त्या सरांना मी काय म्हटलं असतं ते मी आरशासमोर म्हणून बघितलंय.

दादा सारखा फोन उघडून आकडे बघायचा. व्हिडिओ दाबणारे वाढत होते, भराभर, पुण्याचे, मुंबईचे, कुठले कुठले. गेमचं पान वर सरकलं. ड्रॅगनच्या शेजारी जाऊन बसलं. आईने शिरा केला.

मग शाल्मली मॅडमचा फोन आला. दादाने स्पीकरवर ठेवला, कारण त्याचे हात ओले होते, भांडी विसळत होता.

"दिगंबर, व्हिडिओ जबरदस्त चाललाय. पण आत कुणी थांबत नाहीये. लोक काकांना बघायला येतात, गेम उघडतात, काळा स्क्रीन दिसतो, आणि जातात. त्यांना वाटतं फोन बिघडला. किती जणांनी तसं लिहिलंय."

"रुमाल टाकून खेळा, असं पहिल्यांदाच लिहून येतं की, मॅडम."

"वाचत कुणी नाही रे. आत कुणी थांबत नसेल तर गेम ठेवता येत नाही. मला खरंच वाईट वाटतंय. मी अजून खेळते, माहितीये? ऑफिसात कुणी नसताना."

दादा नळ बंद करायला विसरला होता. आईने येऊन बंद केला.

"मग तो व्हिडिओ काढाल का?" दादाने विचारलं.

"व्हिडिओ कशाला काढायचा? तो आमच्या पहिल्या पानावर ठेवलाय. ‘आम्ही असे गेम शोधतो’ म्हणून. लोकांना फार आवडलाय. काकांना सांग, ते स्टार आहेत."

गेम गेला, व्हिडिओ राहिला. नंतर दादाने दोनदा लिहिलं, काढा म्हणून. उत्तर आलं की बघतो. ड्रॅगनचा गेम अजून आहे भोवरावर. मी घेऊन खेळले. ड्रॅगन अगदी सुरुवातीला एकदा उडत जातो, मग पुन्हा दिसतच नाही. पण तोवर आपण दाबलेलं असतं.

तरी हे सगळं मी विसरून गेले असते. गेम नापास होतात, माणसंही होतात. विसरू शकत नाही तो त्यानंतरचा रविवार. मी आप्पांना बाजारात डबा द्यायला गेले होते. रामहरी तात्यांची खिलारी जोडी दावणीला होती. तात्या आप्पांचे जुने दोस्त, माझ्या बारशाला घुगऱ्या वाटत फिरलेले. घेणारा माणूस माळशिरसकडचा. आप्पा मध्ये उभे राहिले, नेहमीसारखे. "काय तात्या, गुडघा काय म्हंतोय?" असं विचारत त्यांनी खांद्यावरचा रुमाल हातावर टाकला, आणि हात पुढे केला.

तात्यांनी हात मागे बांधले.

आप्पांचा हात तसाच राहिला, रुमालाखाली, हवेत. एका बैलाने मान हलवली तेवढा घुंगरांचा आवाज आला.

आणि तात्यांनी भाव सांगितला. तोंडाने. मोठ्याने. सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असा.

"तात्या," आप्पा हळू म्हणाले, "आरं, आसं काय करतोस?"

"आता झाकायचं काय राह्यलं, येलपले?" तात्या म्हणाले. त्यांनी आप्पांना कधी आडनावाने हाक मारली नव्हती. "आज बोटं दाखवलीस. उद्या आमचा भावबी दिसायचा फोनवर. त्यापरीस मीच सांगतो वरडून."

कुणीतरी हसलं. मागून एक पोरगा म्हणाला, "आप्पा, मिशीवरनं हात फिरवा की!" आणि मग बरेच जण हसले. माळशिरसच्या माणसाने खाली मान घालून तोंडानेच उत्तर दिलं, आणि तो सौदा आप्पांशिवाय, उघड्यावर, झाला.

आप्पांनी रुमाल काढला. झटकला. चौघडी घातली, पुन्हा घातली, अगदी तळहाताएवढी होईपर्यंत. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "डबा आणलास व्हय? चल, घरीच जेवू."

दादा दिवाळीनंतर मंगळवेढ्याला गेला. तिथेच आहे, पोती मोजतो, लग्न ठरलंय त्याचं. लॅपटॉप मला देऊन गेला. आप्पा अजून बाजारात जातात, पण दलाली कुणी देत नाही, ते नुसते चहाच्या टपरीवर बसतात, आणि रुमाल घरीच विसरून जातात. आई तो दर आठवड्याला धुते.

‘रुमाल’ माझ्या फोनवर आहे. आणखी कुणाच्या असेल असं वाटत नाही. मी कुणाशी भांडून आले, किंवा कुणाशी भांडायचं असलं, की ओढणी टाकून खेळते. आतला व्यापारी अजून तसाच आहे. लबाड आहे, खोटा थरथरतो, आणि द्यायला तयार झाला की त्याआधी एक क्षण गप्प होतो. त्या क्षणाला मी जिंकू शकते हे मला माहीत असतं. बऱ्याचदा मी हात काढून घेते.

मैत्रिणी म्हणतात, हर्षाली, तुझ्या वडिलांनी त्या दिवशी सगळंच तर दाखवलं, आता काय लपवतेस? सगळं नाही दाखवलं. रुमाल उचलायच्या आधी त्यांनी माझ्या हातावर दाबलं होतं, ते व्हिडिओत नाही. दादाला ते मी कधी सांगितलं नाही. तो अजून समजतो की आप्पांना वाटलं, सौदा चांगला आहे.

काय दाबलं होतं, ते मी इथेही लिहिणार नाही.